देवीच्या दारात बंद पडलेली जीप

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते खाटेची दोरी ताणण्याचं. खाट झोळीसारखी झाली होती, झोपलं की पाठ जमिनीला टेकायची. पायथ्याची दोरी मी एकेका फेऱ्यातून ओढत होतो आणि ओढलेला ताण सुटू नये म्हणून बुढी, माझी बायको, त्या दोरीवर गुडघा दाबून उभी होती. हे एकट्याचं काम नाही. एक ओढणारा लागतो, एक धरून ठेवणारा लागतो. माझा हात एकदा सुटला तर म्हणाली, सकाळची भाकर कुत्र्याले घातली का तुम्ही. मी म्हटलं, तू तोंड बंद ठेव आणि गुडघा दाब. शेवटची गाठ मारली. तिने खाटेवर बसून पाहिलं, बोटाने दोरी वाजवून पाहिली आणि तशीच बसून राहिली. मी म्हटलं, ऊठ आता, चहा ठेव. ती उठली नाही. पाहतो तर तोंड राखेसारखं झालेलं आणि थंडीचे दिवस असून कपाळावर घाम. छातीवर कोणी बसल्यासारखं वाटून राह्यलं म्हणाली. दोरीला जोर लावला म्हणून तिला असं झालं काय, हा विचार मी पुढे पुष्कळ केला. आता करत नाही.

माझी सवारीची जीप होती. पांढरकवडा ते मारेगाव या रस्त्यावर मी उमर घातली. पण त्या वर्षांत कापसाचं सगळं उलटं होऊन बसलं होतं. कापूस घरात आणि खरेदी बंद, खरेदी सुरू झाली की भाव नाही. लोकांच्या मनाला चैन नव्हतं. जो माणूस पूर्वी बाजाराच्या दिवशी जीपच्या मागे लोंबकळून जायचा तो आता पायी जायचा किंवा जायचाच नाही. सवारी तुटली. जीप आठवडा आठवडा अंगणात उभी राहायची, कोंबड्या खाली बसायच्या. उभी गाडी आणि उभा बैल, दोघंही बिघडतात. हे मला कळत होतं, पण कळून काय करता.

दवाखान्यात न्यायला बुढीला मी पुढच्या सीटवर बसवलं, पाठीला गोधडी लावली. जीप चावीच्या पहिल्या फेऱ्यात लागली नाही, दुसऱ्यात खोकली, तिसऱ्यात लागली. तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं, पण लागली ना, एवढंच मनात आलं. मोठ्या रस्त्यावर जायची सोय नव्हती. खरेदी पुन्हा थांबली म्हणून कापसाच्या बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग पार फाट्यापर्यंत आली होती, माणसं गाडीखालीच चूल मांडून बसली होती. म्हणून मी आतल्या रस्त्याने, केळापूरवरून घातली. पांढरकवड्याचा दवाखाना तिथून जवळच. मनात म्हटलं, आता पोचलो.

केळापूरला देवीचं देऊळ आहे. आमच्या रस्त्यावरच्या ड्रायवर लोकांचा एक कायदा होता, कोणी लिहिलेला नाही पण सगळे पाळायचे. देवीच्या समोरून जाताना नुसता हॉर्न वाजवून, चालत्या गाडीतून कपाळाला हात लावून निघायचं नाही. गाडी उभी करायची, इंजिन बंद करायचं, आवाज पूर्ण थांबला की हात जोडायचे, मग निघायचं. आयच्या दारात गुरगुर करायची नाही, असं जुने ड्रायवर म्हणायचे. कितीही घाई असो, सवारीही कधी बोलायची नाही. त्या दिवशी मी थांबलो नसतो. पण बुढीनेच माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, जरा थांबा, आईले हात जोडते. मी ब्रेक मारला आणि इतक्या वर्षांच्या सवयीने चावी फिरवली. इंजिन बंद झालं. तिने हात जोडले. मीही जोडले, अर्ध्या मनाने. मग चावी मारली तर नुसतं टक्.

पुन्हा मारली. टक्. एकच आवाज, जिभेने टाळूला मारावा तसा, आणि पुढे काही नाही. ज्याने गाडी चालवली त्यालाच त्या आवाजाची भीती कळेल. गाडी मेलेली असती तर आवाजच आला नसता. ही जिवंत होती आणि उठत नव्हती. मी हॉर्न दाबून पाहिला, चांगला खणखणीत वाजला. म्हणजे बॅटरीत दम आहे. मग मी ठरवलं की सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, अडकला. बुढीकडे पाहिलं, ती डोळे मिटून तोंडाने श्वास घेत होती.

दुपारची वेळ, देवळात गर्दी नाही. पुजारी होता, माझ्यापेक्षाही म्हातारा, आणि पायरीवर एक बंजाऱ्याची बाई बसली होती. पुढचे दोन दात नव्हते, गालात तंबाखू, ओढणीत नवसाचा नारळ बांधलेला. दोघंही उठून आले. डिझेलची जीप धक्क्यावर चालू होते, म्हणून आधी तिघांनी धक्का दिला. पण जागा खोलगट, दोन्हीकडून रस्ता वर चढणारा आणि खाली काळ्या मातीची मऊ चाकोरी. जीप जरा हलली आणि परत आपल्या जागी येऊन बसली. तीन म्हातारी माणसं काय जीप चढवतील. पुजाऱ्याने वेळ घालवला नाही. त्याने सायकल काढली, मोठ्या रस्त्यावरून कोणाची गाडी मिळते का पाहतो म्हणाला आणि धोतर खोचून निघाला.

मी पाना घेऊन जीपखाली शिरलो. सेल्फ अडकला की त्याच्यावर पान्याच्या दांड्याने ठोकतात आणि त्याच वेळी कोणी वरून चावी मारावी लागते. चावी मारायला कोण? मी त्या बाईला म्हटलं, बाई, तिकडून चढा आणि ती चावी फिरवा. ती म्हणाली, मी जिंदगीत चावीले हात लावला नाही. मी म्हटलं, घरच्याचा कान कधी पिळला का? तसाच पिळा. ती म्हणाली, रोज पिळते. आणि तिने चावी फिरवली. टक्. मी ठोकलं. टक्. मी अजून जोरात ठोकलं. डोळ्यांत माती पडली, कोपर सोलला. वरून बुढीच्या कण्हण्याचा आवाज येत होता आणि त्या आवाजाच्या मध्ये मध्ये ते टक्. मला वाटायला लागलं की दोन्ही आवाज एकाच ठिकाणाहून येत आहेत.

तेव्हा मी देवीला बोललो. प्रार्थना नाही केली, बोललो. खाली पडल्या पडल्या म्हटलं, तुझ्यापायी थांबलो ना मी. इतकी वर्षं तुझ्यापुढे इंजिन बंद केलं, कधी चुकवलं नाही. आणि तू माझी गाडी तुझ्याच दारात पाडलीस. तुले काही लाज? हे असं म्हटलं ते मी लपवत नाही. ज्याला वाईट वाटायचं त्याला वाटो. ज्याची बायको वर मरून राहिली त्याच्या तोंडात स्तोत्र येत नाही.

वरून ती बाई म्हणाली की चावी फिरवली की इथला लाल दिवा मरते, सोडली की परत पेटते. मी म्हटलं, पूर्ण मरते की मंद होते? ती म्हणाली, पूर्ण, फुंकर मारल्यासारखा. ऐकलं आणि मी झटकन बाहेर आलो. दिवा मंद झाला असता तर बॅटरी कमजोर म्हणता आली असती. दिवा तसाच राहिला असता तर सेल्फ. पूर्ण विझतो म्हणजे बॅटरीतला करंट बाहेरच निघत नाही, जोडाजवळच अडतो. थोड्या कामापुरता, म्हणजे हॉर्नपुरता, दिव्यापुरता निघतो, पण सेल्फला लागतो तेवढा ओढला की जोड साथ सोडतो. इतका वेळ मी चुकीच्या जागी ठोकत पडलो होतो.

बोनट उघडलं. बॅटरीच्या टर्मिनलवर ही जाड पापडी चढली होती, हिरवी पांढरी, आणि त्यात लाल पिवळं कालवलेलं. हळद-कुंकू. एकदा दसऱ्याला बुढीने मला विचारलं होतं, गाडीचा जीव कुठी असते? मी बॅटरी दाखवली होती. तेव्हापासून दर दसऱ्याला ती जीप धुऊन झाली की बाकी गाडीला नुसती बोटं लावायची, पण बॅटरीची पूजा मन लावून करायची. हळद, कुंकू, अक्षता आणि वरून नारळाचं पाणी. मी दुसऱ्या दिवशी फडकं मारून सगळं पुसून टाकायचो, तिला कळू न देता. त्या वर्षी सवारी नव्हती, जीप बाहेरच काढायची नव्हती, मी पुसलं नाही. दसऱ्यापासून ते तसंच मुरत बसलं होतं.

पाहून मला राग आला नाही. राग यायला वेळ नव्हता. उलट हायसं वाटलं, की सापडलं. नट सैल करायचा, पापडी खरवडायची, गरम पाणी टाकायचं, परत आवळायचं, गाडी लागते. पाना लावला. नट गंजून घट्ट बसला होता. मी जोर लावला, पाना सरकला, परत लावला. बंजारीण बाई कधीची बुढीच्या बाजूला जाऊन बसली होती, तिचे पाय आपल्या मांडीवर घेऊन तळवे चोळत होती. त्यांच्या बोलीत भावाला भिया म्हणतात, तशी ती मला हाक मारायला लागली. भिया, इकडे ये. ती तुले बोलावून राह्यली. मी म्हटलं, एक मिनिट बाई, सापडलं आता, एकच मिनिट. नट जरासा हलला होता. खरंच हलला होता, ते मी आजही शपथेवर सांगतो.

ती बाई खाली उतरली, माझ्यापाशी आली आणि तिने माझ्या हातातला पाना धरला. ओढला नाही, नुसता धरला. म्हणाली, "भिया, गाडी उद्या बी इथंच राहते. तिचं मात्र काही सांगता येत नाही."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग बॅटरीकडे पाहिलं. माझा सगळा जीव त्या नटात अडकला होता. उमरभर मला एकच गोष्ट येत होती, बिघडलेलं उघडायचं आणि चालू करायचं. त्या घडीला ते सोडायचं म्हणजे हार मानायची, असं वाटलं. हात काही केल्या पान्यावरून निघेना. कसा निघाला ते मला सांगता येत नाही. मी काढला असं मी म्हणणार नाही. निघाला एवढं खरं.

मी बुढीजवळ जाऊन बसलो. तिने डोळे उघडले. "झाली का चालू?" म्हणाली. मी नाही म्हटलं. खोटं बोलावं असं मनात आलं होतं, पण तिच्याशी मला कधी खोटं जमलं नाही. ती म्हणाली, "राहू द्या. बसा." संसारात तिने मला कधी बसा म्हटलं नव्हतं. उठा म्हणायची, पाणी भरा म्हणायची, जा म्हणायची. माझे हात काळे झाले होते, ग्रीस आणि कुंकू लागलेलं, म्हणून मी ते लुगड्याला लागू नये असे दूर धरले होते. तिनेच माझा हात ओढला आणि आपल्या छातीवर ठेवला, जिथे दुखत होतं तिथे. हाताखाली तिचं काळीज मला लागत होतं. कधी घाईघाईने, कधी थांबून, परत घाईने. मी देवीला आता काहीच म्हटलं नाही. मागितलं नाही, भांडलो नाही. नुसता बसलो. ती लेकीचं नाव घेऊन, तिला राळेगावहून बोलवा म्हणाली, आणि बोलवताना घाबरवू नका म्हणाली. बंजारीण बाईने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. हाताखालचा ठोका थांबला ते मला आधी कळलं, त्या बाईला नंतर कळलं. कारण माझा हात तिथे होता.

पुजारी परत आला तो एका ट्रॅक्टरसोबत. रांगेतला कोणी कास्तकार होता, मला ओळखीचा नव्हता. किती दिवसांपासून तो त्या रांगेत होता देव जाणे. नंबर सोडून आला होता, म्हणजे आता परत गेल्यावर शेपटाशी उभं राहायचं. मागे ट्रॉली कापसाने भरलेली. आला तेव्हा दवाखान्यात न्यायच्या तयारीने आला होता. पाहिलं आणि त्याने डोक्यावरचं मुंडासं काढलं. मी म्हटलं, दादा, आता तुम्ही जा, भरल्या कापसावर मढं कोणी ठेवते का. बाजारात न्यायचा माल आहे, लक्ष्मी आहे. तो म्हणाला, "नरम आहे. ठेवा." एवढंच बोलला. आम्ही चौघांनी तिला उचलून कापसावर ठेवलं. मी बाजूला बसलो. घरापर्यंत त्याने ट्रॅक्टर असा चालवला की एक हादरा बसला नाही. घरी उतरवलं तेव्हा त्याच्यासाठी पाणी आणायला गेलो, तोपर्यंत तो निघून गेला होता.

लोक दोन प्रकारचं बोलतात. काही म्हणतात जीप लागली असती तर बुढी वाचली असती. दवाखान्यातल्या डॉक्टरला मी पुढे विचारलं, तो म्हणाला की झटका मोठा असावा, पोचली नसती. पण डॉक्टर हे सगळ्यांनाच म्हणत असतील, म्हणून मी त्यावर भार टाकत नाही. दुसरे लोक म्हणतात ती बंजारीण म्हणजे देवीच, रूप घेऊन आली होती. त्यांनाही मी सांगतो की ती कोण होती ते मला चांगलं ठाऊक आहे. मारेगावकडच्या एका तांड्याची आहे, तंबाखू खाते आणि सुनेशी भांडते. नातवाचा ताप उतरला म्हणून नारळ फोडायला आली होती. पण ती त्याच दुपारी तिथे कशी होती आणि तिला ते बोलणं कसं सुचलं, ते मी शोधत नाही. मी देवीजवळ जीप मागत होतो. जीप मिळाली असती तर मी समोर रस्त्याकडे डोळे लावून बसलो असतो, आणि ती माझ्या बाजूच्या सीटवर एकटी गेली असती. तिचा शेवटचा ठोका माझ्या हाताला लागला. एवढं ज्याला मिळालं त्याने कुरकुर कशाची करावी. आपल्याला येतं तेवढं करून पाहावं, आणि कोणी पाना धरला तर सोडून द्यावा. मला एवढंच समजलं, आणि हेही रोज समजतं असं नाही. काही दिवस मी नुसता रडतो.

त्या दिवशी लेक राळेगावहून आली, सूर्य बुडायच्या आत सगळं उरकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो आणि पायी केळापूरला निघालो. लेक म्हणाली, बाबा, सुतकात कुठी चालले? मी म्हटलं, गाडी आणतो. जीप खोलगटात तशीच उभी होती, बोनट उघडंच. ती बंजारीण बाईही तिथेच होती. आमच्यापायी तिची एसटी गेली होती आणि ती रात्री देवळातच झोपली होती. सुतक असल्याने मला पायरी चढता येत नव्हती, मी रस्त्यावरच उभा राहिलो. तिनेच पुजाऱ्याच्या चुलीवरून तांब्याभर गरम पाणी आणून टर्मिनलवर ओतलं. पापडी फसफसून विरघळली, खाली लाल पाणी गेलं. नट सैल झाला. खरवडला, आवळला, चावी मारली. जीप पहिल्याच फेऱ्यात लागली.

मी तिला म्हटलं, बसा, तांड्यावर सोडतो. तांड्यावर पोचलो तर तिच्या घरची माणसं काळजीने दारातच उभी होती. मी वळवून निघत होतो, तिने चावीच काढून घेतली आणि आत गेली. परत आली ती ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा घेऊन. मेलेल्याच्या घरच्याला पहिला घास नात्यातल्या माणसाने द्यायचा असतो. आदल्या दिवशी सोयऱ्यांनी दिला होता तो माझ्या घशाखाली उतरला नव्हता, मी तोंड फिरवून थुंकला होता. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिने भाकर मोडली, ठेचा लावला आणि माझ्या हातात दिली. मी जीपच्या पायरीवर बसून सगळी खाल्ली आणि अजून अर्धी मागितली.